फळमाशीत एक गुणसूत्र जास्त आलं तर संतती कशी निघेल? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम.एस्सी.च्या मुलांना फळमाशीचं प्रॅक्टिकल शिकवताना दरवर्षी तेच प्रश्न येतात. नेट-गेटची तयारी करणारेही तेच विचारतात. साधा मेंडेलचा संकर सगळ्यांना येतो, पण 'मादी एक्सएक्सवाय आहे' किंवा 'नर चौथ्या गुणसूत्रासाठी ट्रायसोमिक आहे' (म्हणजे ते गुणसूत्र दोनऐवजी तीन आहेत) हे शब्द दिसले की भलेभले अडखळतात. मला हा विषय मनापासून आवडतो, म्हणून उत्तरं जरा ऐसपैस दिली आहेत. सगळी चर्चा ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर या फळमाशीची आहे. केळ्यांच्या घडाभोवती घिरट्या घालणारी चिलटं याच जातकुळीतली.

असं गणित सोडवायला सुरुवात कुठून करायची?

जननपेशींपासून, म्हणजे अंडी आणि शुक्राणूंपासून. बहुतेक मुलं एकदम संततीचा चौकोन मांडायला बसतात आणि तिथेच फसतात. आधी जास्तीचं गुणसूत्र असलेल्या पालकाच्या जननपेशी किती प्रकारच्या होतात आणि कोणत्या प्रमाणात, ते लिहा. मग त्या दुसऱ्या पालकाच्या जननपेशींशी जुळवा. मग त्यातली कोणती अंडी जगतच नाहीत ती खोडा. डोळ्यांचा रंग किंवा पंखांचा आकार सगळ्यात शेवटी पाहा. खोडायची पायरी विसरली की उत्तर हमखास चुकतं, कारण साध्या मेंडेलच्या गणितात ती पायरी नसते आणि हाताला तिची सवय नसते.

कोणतं गुणसूत्र जास्त असलेलं माशीला चालतं?

फळमाशीत गुणसूत्रांच्या ४ जोड्या असतात, एकूण ८. पहिली जोडी लिंग गुणसूत्रांची, म्हणजे एक्स आणि वाय. दुसरी आणि तिसरी जोडी मोठी, चौथी मात्र ठिपक्याएवढी. दुसरं किंवा तिसरं पूर्ण गुणसूत्र जास्त झालं तर माशी प्रौढ होतच नाही, कारण शेकडो-हजारो जनुकांचा तोल एकदम बिघडतो. चौथ्यावर जेमतेम ऐंशीच्या आसपास जनुकं आहेत, त्यामुळे ते तीन झाले तरी माशी जगते आणि प्रजननही करते. जास्तीचा वायही चालतो. म्हणून गणितं दोनच ठिकाणी येतात: लिंग गुणसूत्रांची आणि चौथ्या गुणसूत्राची.

एक्सएक्सवाय ही मादी कशी? माणसात तर तो पुरुष असतो.

हा गोंधळ अगदी स्वाभाविक आहे. माणसात वायवरचं एक जनुक पुरुष घडवतं, म्हणून एक्सएक्सवाय हा क्लाइनफेल्टर सिंड्रोम असलेला पुरुष आणि एकच एक्स असलेली टर्नर सिंड्रोमची स्त्री. फळमाशीत वाय लिंग ठरवत नाही. तिथे एक्सची संख्या महत्त्वाची: दोन एक्स असले की मादी, एक असला की नर. वायचं काम एवढंच की नराचे शुक्राणू नीट तयार व्हावेत.

हे एवढं पाठ हवं: एक्सएक्सवाय प्रजननक्षम मादी. एक्सवायवाय प्रजननक्षम नर. नुसता एक्स, म्हणजे एक्सओ, दिसायला नर पण वांझ. तीन एक्सची मादी बहुतेक मरते. एकही एक्स नसलेलं वायवाय अंडं कधीच जगत नाही.

ब्रिजेसने नेमकं काय पाहिलं होतं?

ही गोष्ट नीट कळली की अर्धा विषय हातात येतो. १९१० मध्ये थॉमस हंट मॉर्गनला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत पांढऱ्या डोळ्यांचा एक नर सापडला. पांढरा डोळा अप्रभावी, म्हणजे लाल डोळ्याचं जनुक सोबत असलं की दिसत नाही, आणि त्याचं जनुक एक्सवर. म्हणून पांढऱ्या डोळ्यांची मादी आणि लाल डोळ्यांचा नर यांचा संकर केला की मुली सगळ्या लाल डोळ्यांच्या आणि मुलगे सगळे पांढऱ्या डोळ्यांचे निघतात. मुलींना बापाचा एक्स मिळतो, मुलग्यांना फक्त आईचा.

मॉर्गनचा विद्यार्थी कॅल्विन ब्रिजेस याला अशा संकरात हजार-दोन हजार माश्यांमागे एखादी भलतीच माशी दिसायची: पांढऱ्या डोळ्यांची मुलगी किंवा लाल डोळ्यांचा मुलगा. दुसरा कोणी असता तर 'कुठली तरी माशी बाहेरून शिरली' म्हणून फेकून दिली असती. ब्रिजेसने त्या जपल्या. त्याचं म्हणणं असं: अंडं तयार होताना आईचे दोन्ही एक्स कधीतरी वेगळेच होत नाहीत. मग एका अंड्यात दोन्ही एक्स जातात आणि दुसऱ्यात एकही जात नाही. यालाच नॉनडिसजंक्शन म्हणतात. दोन एक्सच्या अंड्याला वायवाला शुक्राणू मिळाला की एक्सएक्सवाय मुलगी होते, दोन्ही एक्स आईचे, म्हणून डोळे पांढरे. एक्स नसलेल्या अंड्याला बापाचा एक्स मिळाला की एक्सओ मुलगा होतो, डोळे लाल, पण वांझ.

मग त्याने त्या पांढऱ्या डोळ्यांच्या मुलींच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या, आणि त्यात खरोखरच दोन एक्स आणि एक वाय निघाला. डोळ्यांच्या रंगावरून केलेलं भाकीत काचपट्टीवर जसंच्या तसं उतरलं. जनुकं गुणसूत्रांवरच असतात याचा हा थेट पुरावा होता. १९१६ मध्ये 'जेनेटिक्स' या नियतकालिकाच्या पहिल्याच अंकात तो छापला गेला. शंभराहून जास्त वर्षं झाली, तरी हा पुरावा मुलांना समजावताना माझ्या अंगावर काटा येतो.

एक्सएक्सवाय मादीचा पुन्हा संकर केला तर ४.३ टक्के अपवादी संतती हा आकडा कुठून येतो?

पांढऱ्या डोळ्यांची एक्सएक्सवाय मादी घ्या आणि लाल डोळ्यांचा साधा नर. मादीच्या तीन लिंग गुणसूत्रांपैकी दोन एका बाजूला जाणार आणि एक दुसऱ्या बाजूला. बहुतेक वेळा दोन्ही एक्स एकमेकांपासून वेगळे होतात आणि वाय कुणातरी एकाबरोबर जातो. त्यातून एक्स आणि एक्सवाय अशी अंडी सारख्या प्रमाणात होतात. थोड्या वेळा दोन्ही एक्स एका बाजूला आणि वाय एकटा पडतो. ब्रिजेसच्या आकड्यांवरून हे दुसऱ्या प्रकारचं वाटप साधारण ८.२ टक्के धरायचं.

पूर्णांकात बसावं म्हणून २००० अंडी घेऊ. ९१८ अंड्यांत एक्स, ९१८ मध्ये एक्सवाय, ८२ मध्ये दोन एक्स, ८२ मध्ये नुसता वाय. अर्ध्या अंड्यांना नराचा एक्स मिळेल, अर्ध्यांना वाय. त्यातून:

एक्स अंड्यांपासून ४५९ लाल मुली आणि ४५९ पांढरे मुलगे.
एक्सवाय अंड्यांपासून ४५९ लाल मुली, पण या एक्सएक्सवाय. आणि ४५९ पांढरे मुलगे, पण हे एक्सवायवाय.
दोन एक्सच्या अंड्यांपासून ४१ तीन एक्सच्या, त्या खोडा. आणि ४१ पांढऱ्या डोळ्यांच्या एक्सएक्सवाय मुली.
नुसत्या वायच्या अंड्यांपासून ४१ लाल डोळ्यांचे मुलगे. आणि ४१ वायवाय, तेही खोडा.

जगले १९१८. त्यात अपवादी माश्या ४१ पांढऱ्या मुली आणि ४१ लाल मुलगे मिळून ८२. भागाकार केला की ४.३ टक्के.

यात दोन गोष्टी मुलांच्या नजरेतून सुटतात. पहिली: या फेरीतले लाल मुलगे वांझ नसतात, कारण त्यांना वाय आईकडून मिळाला आहे. पहिल्या फेरीतले, साध्या मादीपासून आलेले लाल मुलगे एक्सओ, म्हणून वांझ. डोळे सारखेच लाल, नर तसाच, पण एकाला पिल्लावळ होते आणि दुसऱ्याला होत नाही. दुसरी: नेहमीसारख्या दिसणाऱ्या लाल मुलींपैकी निम्म्या एक्सएक्सवाय आहेत. त्या आज ओळखू येणार नाहीत, पण त्यांच्या पुढच्या पिढीत अपवाद निघतील.

परीक्षेत तर या संकराचं उत्तर २० टक्के दिलं होतं. बरोबर काय?

प्रश्न नीट वाचा. 'तिन्ही गुणसूत्रांचं वाटप यादृच्छिक होतं असं माना' असं लिहिलं असेल तर तीन प्रकारचं वाटप सारखंच शक्य: पहिला एक्स एकटा, दुसरा एक्स एकटा, किंवा वाय एकटा. मग अंडी येतात २ एक्स : २ एक्सवाय : १ एक्सएक्स : १ वाय. याचं गणित केलं की दर १२ अंड्यांमागे १० जगतात: ४ लाल मुली, ४ पांढरे मुलगे, १ पांढरी मुलगी, १ लाल मुलगा. अपवाद २० टक्के. हे कागदावरचं उत्तर म्हणून बरोबर आहे. खऱ्या माशीत ४ टक्क्यांच्या आसपास येतं. दोन्ही आकडे कुठून येतात ते माहीत असलं की पेपर कुणी काढला आहे याची चिंता राहत नाही.

खऱ्या माशीत एक्स-एक्स एका बाजूला इतके कमी का जातात?

दोन एक्समध्ये गुणसूत्रखंडांची अदलाबदल, म्हणजे क्रॉसिंग ओव्हर, झाली की ते एकमेकांना बांधले जातात आणि विरुद्ध बाजूंना ओढले जातात. अदलाबदल झालीच नाही, तर मोकळा राहिलेला एक्स वायशी जोडी जमवायला मोकळा, आणि मग दोन्ही एक्स वायच्या विरुद्ध बाजूला जाऊ शकतात; पण असं कमी वेळा घडतं. १९६० च्या दशकात आनुवंशशास्त्रज्ञ ऱ्होडा ग्रेल यांनी हे मोकळ्या गुणसूत्रांचं जोडी जमवणं तपशिलाने दाखवलं.

अपवादी माशी खरी आहे की बाटलीत दुसरीच माशी शिरली, हे कसं ओळखायचं?

माझ्या दृष्टीने हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. मी स्वतः शिकत असताना एका संकरात दोन लाल डोळ्यांचे मुलगे दिसले. पांढऱ्या टाइलवर ब्रशने माश्या डावी-उजवीकडे करत होतो, ईथरने निपचित पडलेल्या पांढऱ्या डोळ्यांच्या नरांच्या रांगेत ते दोन दाणे लालभडक चमकले. दोन दिवस मी नॉनडिसजंक्शन सापडल्याच्या आनंदात होतो. मग ते नर एकेका मादीबरोबर ठेवले आणि दोघांनाही भरपूर अळ्या झाल्या. एक्सओ नर वांझ असतो. म्हणजे ते बहुधा बाहेरूनच बाटलीत शिरले होते. बाटलीचं तोंड मी नीट बंद केलं नव्हतं. त्या चुकीने मला जे शिकवलं ते कुठल्याही व्याख्यानाने शिकवलं नसतं.

म्हणून दोन उपाय. एक: आईच्या एक्सवर पांढऱ्या डोळ्यांबरोबर आणखी एक खूण ठेवा, उदाहरणार्थ पिवळं शरीर, तेही एक्सवरचं अप्रभावी लक्षण. खरी अपवादी मुलगी दोन्ही खुणा घेऊन येईल आणि खरा अपवादी मुलगा दोन्हींशिवाय. घुसखोर माशी नेमकी त्या मुलीसारखी असण्याची शक्यता फार कमी; मुलग्यासाठी मात्र साधा घुसखोर नरही तसाच दिसतो, म्हणून दुसरा उपायच भरवशाचा. दोन: संशयित माशीचा पुढचा संकर करा. एक्सओ मुलगा वांझ निघायला हवा, आणि एक्सएक्सवाय मुलीने पुढे ४ टक्क्यांच्या आसपास अपवाद द्यायला हवेत. नर ओळखताना नुसत्या पोटाच्या काळ्या टोकावर विसंबू नका. नुकतीच बाहेर आलेली माशी फिकी असते. पुढच्या पायावरचा सेक्स कोंब, म्हणजे फक्त नरात असलेली काळ्या राठ केसांची फणी, पाहा.

चौथ्या गुणसूत्राची ट्रायसोमी आणि 'आयलेस' यांचा ५:१ कसा येतो?

आयलेस हे चौथ्या गुणसूत्रावरचं अप्रभावी लक्षण, डोळे लहान होतात किंवा नसतातच. माणसात डोळा घडवणाऱ्या पॅक्स ६ जनुकाचं हे भावंड. १९९५ मध्ये वॉल्टर गेरिंग यांच्या प्रयोगशाळेने हेच जनुक भलत्या जागी चालू करून माशीच्या पायांवर आणि पंखांवर डोळे उगवून दाखवले होते. त्याचं सदोष रूप आपण 'ने' असं लिहू आणि नेहमीचं रूप '+'.

साध्या आयलेस माशीचा, म्हणजे ने ने हिचा, तीन चांगली चौथी गुणसूत्रं असलेल्या माशीशी संकर करा. ट्रायसोमिक पालकाच्या निम्म्या जननपेशींत एक चौथं गुणसूत्र जातं, निम्म्यांत दोन. म्हणून पहिल्या पिढीत निम्म्या माश्या + ने आणि निम्म्या + + ने. डोळे सगळ्यांचे नेहमीसारखे.

आता + + ने माशीचा आयलेसशी परत संकर. तिच्या तीन गुणसूत्रांना + (अ), + (ब) आणि ने अशी नावं द्या. एकटं जाणारं गुणसूत्र तिघांपैकी कुठलंही असेल: अ एकटं आणि ब-ने दुसरीकडे, ब एकटं आणि अ-ने दुसरीकडे, ने एकटं आणि अ-ब दुसरीकडे. सहा जननपेशी लिहून काढा: +, +ने, +, +ने, ने, ++. यातल्या एकाच प्रकारात '+' अजिबात नाही. समोरचा पालक फक्त ने देणार, म्हणून आयलेस संतती सहात एक. पाच नेहमीच्या डोळ्यांच्या, एक आयलेस.

तीच पहिल्या पिढीतली + ने माशी परतसंकरात १:१ देते. म्हणून नव्या जनुकाचं गुणसूत्र शोधायला हा संकर वापरता येतो: ट्रायसोमिकबरोबर ५:१ आलं तर जनुक चौथ्यावर, १:१ आलं तर दुसरीकडे.

आमच्या बॅचला ना ५:१ आलं ना १:१, जवळजवळ २:१ आलं. कुठे चुकलं?

बहुधा तुम्ही पहिल्या पिढीतल्या सगळ्या माश्या एकाच बाटलीत घातल्या. त्यांतल्या निम्म्या साध्या, निम्म्या ट्रायसोमिक. साध्यांकडून अर्धी संतती आयलेस, ट्रायसोमिककडून एक षष्ठांश. सरासरी एक तृतीयांश, म्हणजेच २:१. माशी वरून पाहून ट्रायसोमिक आहे का हे खात्रीने सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक माशीला वेगळी कुपी द्या. मक्याचं पीठ, गूळ, अगर, यीस्ट थोडं जास्त लागेल, पण १२० माश्या मोजल्यावर एका कुपीत ६०:६० च्या आसपास आणि दुसरीत १००:२० च्या आसपास दिसलं की डोळ्यांसमोर उत्तर उभं राहतं.

+ + ने या माश्या आपसात जुळवल्या तर ३५:१ की २६:१?

३५:१ हे पुस्तकी उत्तर: दोन्ही पालकांकडून नुसतं 'ने' येण्याची शक्यता १/६ गुणिले १/६. पण ३६ पैकी ९ अंड्यांत दोन्हींकडून दोन-दोन, म्हणजे चार चौथी गुणसूत्रं जमतात, आणि अशा माश्या क्वचितच जगतात. ती ९ खोडली की २७ उरतात, त्यात १ आयलेस. म्हणून २६:१. प्रश्नात जगण्या-मरण्याचा उल्लेख नसेल तर ३५:१ लिहा आणि खाली एक ओळ २६:१ ची लिहा. तपासणाऱ्याला कळतं की मुलाला माशी माहीत आहे.

हाच हिशोब + ने ने माश्या आपसात जुळवून करून पाहा: कागदावर ३:१, मेलेली वगळून १९:८.

संकर बरोबर, हिशोब बरोबर, तरी आयलेस कमी का मोजल्या जातात?

कारण ने ने असलेल्या काही माश्यांचे डोळे जवळजवळ नीट असतात, काहींचा एकच डोळा लहान असतो. लक्षण सगळ्यांत सारखं उमटत नाही. दोन्ही बाजूंनी पाहिल्याशिवाय माशी 'नेहमीची' म्हणून बाजूला सारू नका. शंका आली तर तिसरा गट करा आणि वहीत तसं लिहा. आकडे सुंदर दिसावेत म्हणून तो गट कुठेतरी ढकलू नका.

वनस्पतींत हेच प्रमाण चालेल का?

जननपेशींची सहाची मांडणी तीच. धोतऱ्यात गुणसूत्रांच्या १२ जोड्या, आणि वनस्पतिशास्त्रज्ञ ब्लेकस्लीने १९२० च्या दशकात बाराही ट्रायसोमिक झाडं बोंडांच्या आकारावरून वेगळी ओळखली. पण वनस्पतींत जास्तीचं गुणसूत्र असलेला पराग बहुधा मागे पडतो, त्यामुळे ट्रायसोमिक झाड नर म्हणून वापरलं तर प्रमाण बदलतं. कोण मादी, कोण नर हे आधी पाहा.

मुली आईसारख्या आणि मुलगे बापासारखे, असं एक्सवरच्या लक्षणात कसं होतं?

आईचे दोन्ही एक्स एकमेकांना चिकटलेले असले तर. लिलियन मॉर्गन यांनी १९२२ मध्ये असे जोडलेले एक्स प्रसिद्ध केले. मादीत हा जोड आणि शिवाय एक वाय असतो. ती दोनच प्रकारची अंडी देते: दोन्ही एक्स किंवा नुसता वाय. पिवळ्या शरीराची अशी मादी आणि पांढऱ्या डोळ्यांचा नर घ्या. जगणाऱ्या मुलींना दोन्ही एक्स आईचे, म्हणून पिवळ्या. मुलग्यांना एक्स बापाचा, म्हणून पांढऱ्या डोळ्यांचे. निम्मी अंडी मरतात. इथे अपवाद हाच नियम झालेला असतो, आणि नराच्या एक्सवरचं नवं उत्परिवर्तन थेट मुलग्यांत दिसावं म्हणून प्रयोगशाळा असे वाण मुद्दाम सांभाळतात.

एक्सवायवाय नराच्या संततीत काय दिसेल?

डोळ्यांच्या रंगात काहीच नाही. एक्स असलेला शुक्राणू, वायसकट असो वा वायशिवाय, मुलगीच देणार, आणि वाय किंवा वायवाय शुक्राणू मुलगाच. फरक आत दडलेला असतो: यादृच्छिक वाटप धरलं तर त्याच्या मुलींपैकी दोन तृतीयांश एक्सएक्सवाय निघतील. आणि त्या मुली पांढऱ्या डोळ्यांच्या असल्या तर त्यांच्या पिढीत, लाल नराशी तुम्ही कुठलाही संशय न घेता केलेल्या संकरात, पांढऱ्या डोळ्यांच्या चार-पाच मुली अचानक समोर येतील. तेव्हा बाटलीच्या लेबलवर आजोबा कोण होता हे लिहिलेलं असलं पाहिजे.